लेण्यात ऊन शिरतं तेव्हा

मामा-मामींना सांगलीला परत जाऊन आठ दिवस झाले असतील. फोनवर मामांनी विचारलं, "अगं, तो सोंड तुटलेला हत्ती कुठला गं? फोटोत मामी त्याच्याजवळ उभी आहे. वेरूळचा, की त्या किल्ल्यावरचा? आम्हा दोघांनाही काही केल्या आठवेना."

"कैलासच्या अंगणातला," मी सांगितलं. पण फोन ठेवल्यावर काही सुचेना. इतक्या लांबचा जाऊन-येऊन प्रवास करून साठी उलटलेली दोन माणसं माझ्याकडे आली होती. डोंगर कोरून काढलेलं अख्खं देऊळ मी त्यांना दाखवलं होतं, आणि आठ दिवसांत त्यातलं त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष नव्हता, माझाच होता. सकाळी आठला घराबाहेर काढून मी त्यांना दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ, परत येताना पाणचक्की आणि दिवेलागणीला बीबी का मकबरा असं सगळं एका दिवसात फिरवलं होतं. कैलास लेण्याच्या वाट्याला आली होती जेमतेम चाळीस मिनिटं, तीही भर बाराच्या उन्हात.

आमच्या छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांकडे दोन दिवस असतात. आल्या आल्या ते विचारतात, "दोन दिवसांत काय काय होईल?" आपल्या बोलण्यात हे 'होणं' आणि 'करणं' फार खोल रुजलंय. "वेरूळ केलं, अजिंठा राहिला." जागा कामांसारख्या उरकायच्या असतात असं आपण कधी ठरवलं कोण जाणे. गाडी ठरवून देणारेही तसाच कागद हातात ठेवतात, त्यावर एका दिवसापुढे सहा-सात नावं. पाहुण्यांना वाटतं, पैसे वसूल होतायत.

मी स्वतः या गावात लग्न होऊन आले, त्यामुळे इथली पहिली पाहुणी मीच होते. वेरूळला मला नेलं ते सासऱ्यांनी. सकाळी लवकर निघायचं म्हणून मी सातलाच तयार होऊन बसले, तर ते म्हणाले, "घाई कशाची? जेवून निघू. सकाळी तिथे नुसता अंधार असतो." तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळभर डोंगर स्वतःच्याच सावलीत असतो. दुपारचे दोन-अडीच वाजले की ऊन लेण्यांच्या तोंडाशी येतं आणि मग हळूहळू आत सरकायला लागतं. दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार की झोपडी म्हणतात, सासऱ्यांनी मला एका खांबाशी बसवलं आणि म्हणाले, "आता काही करू नकोस, बस नुसती." छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी फासळ्या आहेत. लाकडाची घरं बांधणाऱ्यांचा हात दगडातही तसाच चालला होता. वरच्या कमानीतल्या खिडकीतून उजेड आला आणि समोरचा बसलेला बुद्ध काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा किंचित सोनेरी. आम्ही अर्धा-पाऊण तास तिथे होतो. त्या दिवशी चौतीसपैकी पाच लेणी पाहिली असतील. ती पाचही आजही मला कोपऱ्या-कोपऱ्यासकट सांगता येतात.

मामांच्या त्या फोननंतर मी ठरवून टाकलं, की माझ्याकडे येणाऱ्याला एका दिवशी एकच जागा, आणि तीही तिच्या वेळेला. बाकीचं राहिलं तर राहू दे, पुढच्या खेपेला.

वेरूळची चौतीस लेणी एका रांगेत आहेत. पहिली बारा बौद्ध, मधली सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन. सगळे पाहुणे गाडीतून उतरतात ते थेट सोळाव्यासमोर, म्हणजे कैलाससमोर, आणि त्यातून बाहेर आले की थकलेले असतात. म्हणून मी कैलास शेवटी ठेवते. आधी बौद्ध लेण्यांत दहावं आणि तीन मजली बारावं. अंगात बळ असेल तर टोकाची जैन लेणी, कारण बत्तिसाव्यातली वरच्या मजल्यावरची कमळं आणि खांब इतके बारीक आहेत, की दगड बोटांनी मळला असावा असं वाटतं. मग साडेतीनच्या सुमाराला कैलास.

कैलासमध्ये लगेच आत शिरू नये, हे माझं ठाम मत. आधी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढावं आणि वरच्या कडेवरून खाली पाहावं. हे देऊळ बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलेलं आहे, हे शंभर वेळा ऐकलेलं असतं, पण वरून पाहिल्याशिवाय ते अंगात उतरत नाही. आधी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणले, मध्ये एक प्रचंड दगड उभा राहिला, आणि त्या दगडातून शिखरापासून सुरुवात करून पायापर्यंत देऊळ काढलं. कळस आधी, पाया शेवटी. जोडायला दुसरा दगड नाही, चुकलं तर बदलायला वाव नाही. काढून टाकलेला दगडच दीड-दोन लाख टन असावा, असा अंदाज केला जातो. वरून मंडपाच्या छतावरचं मोठं कमळ आणि त्यावरचे चार सिंह दिसतात. खाली अंगणात उभं राहणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत. भोवतीच्या कड्यावर छिन्नीचे तिरके फराटे अजून स्पष्ट आहेत. मला देवळातल्या मूर्तींइतकेच ते फराटे बघायला आवडतात. एकेक फराटा म्हणजे एका माणसाच्या हाताचा एक घाव.

आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे मुख्य काम झालं. पुढच्या शतकाच्या सुरुवातीच्या एका ताम्रपटात, जो बडोद्याला सापडला, या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणाऱ्या देवांना ते पाहून आश्चर्य वाटलं, आणि ज्याने ते घडवलं तोच कारागीर थक्क होऊन म्हणाला, हे मी कसं केलं? त्या कारागिराचं नाव ताम्रपटात नाही. मला हे फार लागतं. राजाचं नाव राहिलं, दान देणाऱ्यांचं राहिलं, आणि ज्याला स्वतःच्या हातावर विश्वास बसेना त्याचं नाही.

मग खाली उतरून दक्षिणेच्या बाजूला जावं. रावण कैलास पर्वत हलवतोय, ते शिल्प तिथे आहे. रावण खाली गुहेसारख्या पोकळीत आहे, हातांचं वर्तुळ झालेलं, सगळा जोर पाठीत. वर शंकर निवांत बसलाय, पार्वतीने घाबरून त्याचा दंड धरलाय. आणि मागे एक दासी पळत सुटलीय. तिची पाठ आपल्याकडे आहे. देव, देवी, राक्षस सगळे आपापल्या जागी, आणि ज्या बाईचं यात काहीच घेणंदेणं नाही ती जीव वाचवायला धावतेय. बाराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी ती बाई सुचली. दुपारी चारनंतर त्या भिंतीवर तिरपा प्रकाश येतो तेव्हा ती खरोखर धावते. बाराच्या उन्हात तिथे नुसता अंधारा खड्डा दिसतो. मामा-मामींना मी तोच दाखवला होता.

वेरूळ हे शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचं गाव, आणि तिथलं घृष्णेश्वराचं लाल दगडाचं देऊळ आज दिसतं ते अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभं केलेलं. ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचंच असलं, तर सकाळी लेण्यांआधी घ्यावं, मग दुपार मोकळी राहते. आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हे दोन वार आमच्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहेत, कारण माझ्या भावाच्या सासरच्या मंडळींना एका गाडीवाल्याने सोमवारी अजिंठ्याच्या फाटकापर्यंत नेऊन परत आणलं होतं. दोनशे किलोमीटरचा फेरा, बरोबर ऐंशी वर्षांच्या आजी. त्या आजींना अजिंठा पाहायला मिळाला नाही तो नाहीच. त्याबद्दल मला अजूनही राग येतो.

दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, स्वतंत्र सकाळ द्यावी लागते. जाता जाता पाहण्यातला तो किल्ला नाही. यादवांच्या राजधानीचं हे ठिकाण. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथे आला आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी सरळ तासून काढलाय, भिंतीसारखा, भोवती खंदक. वर जायचा रस्ता एकच, आणि तो 'अंधारी'तून जातो. वळणावळणांच्या त्या काळोख्या भुयारात आजही वटवाघळांचा वास आहे. वाट दाखवणारे लोक मशाल पेटवून दाखवतात, शत्रू उजेडाच्या दिशेने वळला की सरळ खंदकात कसा पडायचा. १२९६ च्या वेढ्यात गडावर धान्याची पोती म्हणून चढवलेली पोती फोडल्यावर मिठाची निघाली, अशी गोष्टही ते सांगतात. सकाळी सातला चढायला लागलं तर पायऱ्या सोसतात. दहानंतर दगड तापतो. उतरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या असतात. दौलताबादचं सीताफळ गाडीत बसून खाऊ नये, झाडाखाली बसून खावं, बिया मोकळेपणाने टाकता येतात.

शहरातल्या जागांना मी एक संध्याकाळ ठेवते. मकबऱ्यात गेलं की पाहुणे पहिल्याच मिनिटाला ताजमहालाशी तुलना करतात, आणि ते मकबऱ्यावर अन्यायाचं आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानो हिची ही कबर. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि घुमटाला संगमरवर आहे, बाकी चुन्याचा गिलावा. पण तो गिलावा जवळून पाहा. त्यातली वेलबुट्टी काढणाऱ्या हाताने संगमरवर नाही म्हणून मेहनत कमी केलेली नाही. प्रवेशद्वाराच्या पत्र्यावर अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन घडवणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. कैलासच्या कारागिराला जे मिळालं नाही ते या दोघांना मिळालं. मी प्रत्येक पाहुण्याला आधी त्या दारापाशी थांबवते. पाणचक्कीला अर्धा तास पुरतो. दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या धारेवर जातं फिरवलं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळलं, हे एवढं समजलं की झालं.

अजिंठ्याला पहाटे निघावं, शंभर किलोमीटरचा रस्ता आहे. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय, आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात तीस लेणी. चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, त्यांना घ्यायला लाजू नये.

अजिंठ्याला मला पाहुण्यांना एकच गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे अंधारात थांबणं. बाहेरच्या उन्हातून पहिल्या लेण्यात शिरलं की काहीच दिसत नाही. दिवे मुद्दाम मंद ठेवलेत, रंग जपायला. माणसं दोन मिनिटं इकडेतिकडे बघतात, "फार पुसट झालंय सगळं" म्हणतात आणि बाहेर पडतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. पाच-सात मिनिटं भिंतीपासून दूर, गप्प उभं राहिलं की आधी एक डोळा दिसतो, मग भुवई, मग झुकलेली मान, मग हातातलं निळं कमळ. पद्मपाणी, भिंतीवरचा तो बोधिसत्त्व, आपणहून पुढे येतो. एकदा माझ्या नणंदेची नऊ वर्षांची मुलगी बरोबर होती. मोठी माणसं पद्मपाणीसमोर होती आणि ती एका खांबाकडे बघत उभी. "मामी, ही हरणं चार आहेत, पण डोकं एकच आहे." खांबाच्या माथ्यावर चार हरणांची धडं चार बाजूंना आणि मधलं तोंड एक, कुठल्याही हरणाला लावून पाहा, त्याचंच वाटतं. तिला कुणीही ते दाखवलं नव्हतं. तिला वेळ होता, इतकंच.

ही चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. दगडावर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. रंग बहुतेक आसपासच्या माती-दगडांचे, पण काही ठिकाणचा निळा लाजवर्दाचा आहे, म्हणजे अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. सगळ्यात जुनी लेणी इसवी सनाच्या आधीची. पद्मपाणीचं पहिलं आणि त्याच्या बरोबरीची लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावं लेणं खोदवलं. मग शतकानुशतकं झाडीत सगळं विसरलं गेलं. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि नाव कोरून ठेवलंय, खाली जुनं चित्र असताना. ते नाव आज आपल्या डोक्याच्या बरंच वर आहे, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात पुरुषभर गाळ होता. खांबावर नाव कोरणारी माणसं तेव्हाही होती. आजही मी पोरांच्या हातातले खिळे काढून घेतलेत.

तिथून सव्विसाव्याकडे. डाव्या भिंतीला बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, सात मीटर लांब, उजव्या कुशीवर निजलेला. खाली शिष्य रडतायत, वर स्वर्गातले आनंदात आहेत, आणि मध्ये तो चेहरा, ज्यावर या दोन्हींतलं काही नाही. मी इथे बोलत नाही. पाहुण्यांना आपापलं बसू देते.

परतताना अजिंठा गावात थांबावं असं मला नेहमी वाटतं. मेजर रॉबर्ट गिल या चित्रकाराने १८४० च्या दशकापासून कित्येक वर्षं ही चित्रं उतरवून काढली. त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्याच्याबरोबर राहिलेल्या पारोची कबर या गावात आहे, १८५६ सालची. लेण्यांचे पाहुणे त्या गावातून गाडीने निघून जातात.

पैठण आणि लोणार मी फक्त जास्त दिवस असलेल्यांनाच सुचवते. पैठणला आत्या आल्या होत्या तेव्हा नाथांची समाधी आणि गोदावरीचा घाट झाल्यावर आम्ही हातमागावर पैठणी विणताना पाहत बसलो. मोराच्या पिसातला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या काडीवर गुंडाळलेला, आणि विणणारी बाई एकेक धागा बोटांनी मोजून घालत होती. दिवसभरात बोटभर पदर पुढे सरकतो. आत्यांनी पदर उलटा करून पाहिला, मागूनही मोर तितकाच स्वच्छ. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, दीडशेच्या आसपास किलोमीटर. उल्केने काळ्या खडकात केलेला जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा, तळाशी खारं पाणी आणि काठावर गोमुखाची गोड पाण्याची धार. जाऊन-येऊन एका दिवसात लोणार करणारे असतात. मी त्यांना तिथे मुक्काम करा म्हणते, कारण पहाटे खड्ड्यात उतरताना मोरांचा आवाज चारी कड्यांवरून फिरून येतो आणि तो दुपारी येत नाही.

मामा-मामी गेल्या डिसेंबरात पुन्हा आले. मी आधीच सांगून टाकलं, "मामा, या वेळी एकच ठिकाण." जेवण करून दोनला निघालो. मामांना डोंगरावर चढवेना, म्हणून ते अंगणात बसून राहिले आणि मामी माझ्याबरोबर कडेपर्यंत आल्या. सिंह पाहून आल्यावर त्यांनी मामांना हाताला धरून रावणापाशी नेलं. मी काही बोलले नाही. बराच वेळ दोघं उभे होते. मग मामी म्हणाल्या, "अहो, ही बघा, ही बिचारी पळतेय."

साडेपाचच्या पुढे पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. ऊन अंगणातून वर चढून शिखरावर गेलं होतं. मामा तो सोंड तुटलेला हत्ती पाहून त्याच्या सावलीत विसावले होते. मामी देवळाच्या चौथऱ्याला वळसा घालत होत्या. चौथऱ्याच्या खालून सगळं देऊळ पाठीवर तोलणाऱ्या हत्तींची रांग आहे, एकेकाची मान वेगळ्या बाजूला वळलेली. दुसऱ्यांदा शिट्टी झाली तसं मी हाक मारली.

"थांब गं," मामी म्हणाल्या, "सतरा झालेत. पलीकडचे राहिलेत अजून."